जागच्या जागी उद्धवराव

माझे साडू उद्धवराव रोज सकाळी दुकान जरा सुस्तावलं की येतात, चपला बाहेर काढतात, गल्ल्याजवळच्या फिरत्या स्टुलावर पालथे पडतात आणि गुडघ्यात पाय दुमडून तळवे छताकडे करतात. मग उजव्या पायाचा घोटा हळूच बाहेर ढकलतात. स्टूल फिरतं, उद्धवरावही फिरतात. फेरा पूर्ण झाला की तसेच पालथे राहून मला विचारतात, "जागा सोडली का म्या?"

"थोडी सोडली," मी सांगतो.

"कुकराकडं का परातीकडं?"

"कुकराकडं."

ते मान हलवतात आणि पुन्हा सुरुवात करतात. हवेत घोटा हलवून स्टूल फिरत नाही, हे मला ठाऊक आहे आणि त्यांनाही. म्हणून ते डाव्या हातानं गल्ल्याला बारीक रेटा देतात. तो हात आपण पाहिला नाही असं धरून चालायचं असतं. माझं दुकान भांड्यांचं आहे, त्यामुळे गिऱ्हाइकं बहुतेक लग्नाच्या गडबडीत येतात. त्यांना हे समजावून सांगायला वेळ नसतो. एक बाई रुखवताची भांडी घ्यायला आल्या होत्या. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि कळवळून म्हणाल्या, "मामाची कंबर धरली व्हय? गरम विटेनं शेका."

उद्धवराव वेडे नाहीत. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण कंधारात हे सांगणारा माझ्याशिवाय आता फारसा कोणी उरलेला नाही.

ते बसस्थानकात कंट्रोलर होते. सगळी नोकरी तोंडात शिट्टी धरून गाड्या मागे घेण्यात गेली. मुखेडची गाडी, लोह्याची गाडी, उदगीरची गाडी, सगळ्यांच्या मागे उभं राहून "येऊ द्या, येऊ द्या, बस्स" हे त्यांनी इतकी वर्षं केलं की निवृत्तीनंतर शिट्टी सुटली तरी वळण्याबद्दलची मतं सुटली नाहीत. "पाव्हणे," ते मला म्हणतात, "गाडीला वळायला आवार लागतंय. म्हशीला बोळ लागतोय. जागच्या जागी वळू शकतो तो माणूस. आन त्यालाच त्याची किंमत न्हाई."

हे खूळ आलं मालवणहून. निवृत्तीनंतर ते अक्काला घेऊन कोकणात गेले होते. अक्का म्हणजे माझ्या बायकोची, मंगलची, थोरली बहीण. आमच्याकडची माणसं समुद्र बघतात, पँट गुडघ्यापर्यंत वर करून फोटो काढतात आणि काजू घेऊन परत येतात. हे दोघं पाठीला हवेची टाकी बांधून समुद्राच्या तळाशी जाऊन आले. तेव्हा प्रत्येकाला धरायला एकेक माणूस होता. उद्धवरावांना ते धरणं पटलं नाही. आपल्याला आपल्या बायकोबरोबर जोडीनं जायचं, मधे कोणी नको, असं त्यांनी ठरवलं आणि पुढच्या हिवाळ्यात जाऊन दोघांनी रीतसर शिक्षण घेतलं. अक्का पास झाली. उद्धवराव नापास झाले.

झालं असं की तळाशी गेल्यावर मागे वळायची वेळ आली, आणि त्यांनी सायकल मारल्यासारखे पाय मारले. पायात ते बदकाच्या पायासारखे लांब रबरी पंखे. तळाची सगळी वाळू उठली. मागून येणारी अक्का त्या गढूळ पाण्यात हरवली, घाबरली आणि वर आली. शिकवणाऱ्यानं शांतपणे सांगितलं, "काका, तळाला धक्का न लावता जागच्या जागी वळता आल्याशिवाय मी तुम्हाला काकूंबरोबर जोडीनं सोडणार नाही. मेपर्यंत शिकून या. पावसाळ्यात आमचं बंद असतं."

तर प्रश्न एवढाच आहे. मे महिन्याच्या आत उद्धवरावांना वळता आलं पाहिजे.

या वळण्याला पाण्यातली माणसं हेलिकॉप्टर म्हणतात. पोटावर आडवं तरंगायचं. गुडघे वाकवून पंखे पाठीच्या वर धरायचे, म्हणजे ते तळाला लागत नाहीत. मग फक्त घोट्यानं पाणी बाजूला सारायचं, एक पाय सारतो आणि दुसरा गप्प राहतो. अंग पुढे जात नाही की मागे जात नाही, नुसतं फिरतं. उद्धवरावांनी मला हे इतक्या वेळा सांगितलंय की मला पोहता येत नाही, पण हेलिकॉप्टर येतं.

कंधारात समुद्र नाही. माझ्या शेतात विहीर आहे. त्यांनी विहीर मागितली, मी दिली. मग त्यांनी माझी जुनी लोखंडी वजनं मागितली. दुकानात आता इलेक्ट्रिक काटा आहे, वजनं पोत्यात पडून होती, तीही दिली. आमच्याकडे पोरं पोहायला शिकताना पाठीला रिकामा डबा किंवा वाळलेला भोपळा बांधतात, बुडू नये म्हणून. उद्धवराव कमरेला वजनं बांधून उतरायचे, वर येऊ नये म्हणून. हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा शेजारच्या शेतातले नामदेवराव तसेच मागे फिरून स्वतःच्या शेतात निघून गेले.

विहिरीच्या तळाशी गाळ असतो, आणि तो समुद्राच्या वाळूपेक्षा वाईट. एकदा उठला की दिवसभर बसत नाही. त्यामुळे "गाळ उठतो" हा उद्धवरावांचा शब्द झाला, आणि तो ते विहिरीबाहेरही वापरायला लागले. मंगल घाईघाईनं वरण घोटायला लागली की म्हणणार, "हळू, गाळ उठतो." लातूरला पुतण्याच्या लग्नात मानपानावरून दोन्हीकडचे व्याही एकमेकांच्या अंगावर गेले. उद्धवराव मधे गेले आणि म्हणाले, "दोघंबी खामखा गाळ उठवायलाव. वळायचं तर कसं वळायचं, म्या दावतो." आणि बैठकीच्या गादीवर पालथे पडले. भांडण थांबलं. उद्धवरावांना वाटतं, ते पटल्यामुळे थांबलं. मी तिथे होतो. ते काळजीमुळे थांबलं.

त्या लग्नाला अक्काही आली होती. अक्काला ऐकू येत नाही. गेल्या काही वर्षांत हळूहळू कमी होत गेलं आणि आता कानाशी ओरडलं तरच चार शब्द आत जातात. मशीन घेतलं होतं, पण त्यात माणसांपेक्षा पडलेल्या चमच्यांचाच आवाज जास्त यायचा, म्हणून तिनं ते कपाटात ठेवून दिलं. लग्नात बायका येऊन तिच्या तोंडाशी ओरडायच्या आणि ती सगळ्याला हसून "हाव, हाव, जेवले" म्हणायची. एकीनं सासऱ्याच्या ऑपरेशनचं सांगितलं, त्यालाही "हाव, जेवले." मग कोणीतरी हसलं. अक्का त्यानंतर कोणाच्या लग्नाला गेली नाही. ती फक्त विहिरीवर येते, काठावर बसते आणि दोराचं एक टोक हातात धरते. दुसरं टोक उद्धवरावांच्या कमरेला असतं.

आता बाजेचा प्रसंग सांगतो. तो तालुक्यात बहुतेकांना माहीत आहे, पण चुकीचा.

मी दुकानात होतो. नामदेवरावांचा फोन आला. "लवकर या. तुमच्या हिरीत मुडदा तरंगायलाय."

"पायात काय हाय त्याच्या?" मी विचारलं.

"बदकावानी कायतरी हाय."

"मग तो मुडदा न्हाई. माझे साडू हायेत."

नामदेवरावांनी थोडा विचार केला. "दोन्ही असू शकतंय की," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यांचंही चूक नव्हतं. माणूस पालथा, तोंड पाण्यात, हातपाय न मारता सावकाश गोल फिरतोय. तोंडातली श्वासाची नळी वर आली होती, पण ती वरून काडीसारखी दिसते. नामदेवरावांनी बोंब मारली. रानातली माणसं धावत आली. विहिरीत माणूस गेला की आमच्याकडे पहिलं काम म्हणजे बाज आणायची, चार कोपऱ्यांना दोर बांधायचे आणि ती खाली सोडायची. जिवंत असला तर तो बाजेवर चढतो. नसला तर त्याला चढवतात. बाज आली, दोर आले. वरून पन्नास जण ओरडत होते, "उद्धवराव, ओ उद्धवराव!" कान पाण्याखाली, त्यामुळे त्यांना काही ऐकू आलं नाही. काठावर अक्का बसलेली. तिलाही ऐकू आलं नाही. तिच्या हातातला दोर अधूनमधून हलत होता, म्हणजे सगळं ठीक होतं. ती निवांत होती.

ती निवांत बसलेली बघून बायकांना भरून आलं. धक्क्यानं बाईची वाचा गेली, असं त्यांनी ठरवलं. दोघी-तिघी जणी धावत गेल्या, तिच्या गळ्यात पडल्या आणि मोठ्यानं रडायला लागल्या. अक्कानं त्यांचे चेहरे बघितले. त्यांच्या घरात कोणीतरी गेलं असणार, हे तिला कळलं. ती रीतीची बाई आहे. तिनंही पदर तोंडाला लावला आणि रडायला लागली.

मी पोचलो तेव्हा हे असं चाललं होतं. खाली बाज उद्धवरावांच्या पाठीला टेकली. त्यांनी दचकून पाय मारले, वजनांसकट तळाला जाऊन आले, सगळा गाळ वर आला आणि पाणी चहासारखं झालं. मग ते बाजेवर बसले, कारण पायऱ्यांवर माणसांची दाटी झाली होती आणि दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं, आणि माणसांनी त्यांना वर ओढलं. बाजेवर मांडी, पायात पंखे, कमरेला माझी वजनं. वर येताच त्यांनी जमलेल्या लोकांकडे बघून एकच वाक्य टाकलं, "महिन्याभराचा बसलेला गाळ उठवलाव राव."

अक्कानं डोळे पुसत त्यांना विचारलं, "ओ, कोण गेलं?"

उद्धवरावांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

अक्काला आधी कळेना. मग कळलं. आणि ती अशी हसली की तिच्या गळ्यात पडलेल्या बायकांना राग आला. मयतीत हसणारी बाई त्यांनी पहिल्यांदाच बघितली होती.

त्या दिवशी मंगलला देगलूरपासून लातूरपर्यंतच्या नातेवाइकांचे फोन आले. काहींनी सुतक कधीपासून धरायचं तेही विचारलं. मंगलनं फोन ठेवला आणि मला म्हणाली, "दाजीची वजनं माघारी आणा. आन हिरीला कुलूप लावा."

"हिरीला कुलूप कसं लावायचं?"

"ते मला नका इचारू. लावा."

दुसऱ्या दिवशी मी उद्धवरावांच्या घरी गेलो. वजनं दाराशीच पोत्यात भरून ठेवलेली होती. त्यांना कळलं होतं. अक्का आत चहा करत होती. मी म्हणालो, "दाजी, हौस म्हणून ठीक होतं. आता वयाकडं बगा. मालवणचं राहू द्या."

उद्धवरावांनी आतल्या दाराकडे बघितलं आणि हळू आवाजात बोलायला लागले. हळू बोलायची तशी गरज नव्हती.

"पाव्हणे, म्या कंट्रोलर माणूस. दिवसभर बडबड. घरी आलो की हिला सगळं सांगायचो. कोणत्या गाडीत कोण बसलं, कुणाची कोंबडी सुटली, कोणता ड्रायव्हर कुणावर खवळला. हसायची लई. आता सांगायचं तर वरडावं लागतंय. कामापुरतं वरडतो. गोळी घे. दूध आलं. पाव्हणे येणारेत. पर कोंबडी सुटल्याचं कुणी वरडून सांगतंय का ओ? दोनदा वरडलं की त्यात मजा राहत न्हाई. आन वरडताना तोंड रागीट दिसतंय. ती म्हणते, तुमी माझ्यावर कामून चिडायलाव? म्या चिडत न्हाई ओ. म्या नुसता वरडायलो."

आत कपांचा आवाज झाला.

"हातानं सांगावं तर म्हणते, नका, शेजारी बगतेत, मला मुकी करून टाकाल. मग समुद्रात गेलो. खाली कुणालाच बोलता येईना. सगळे हातानं बोलायलेत. चांगले इंजिनेर, डॉक्टर, सगळे आमच्यासारखे. हिला सगळ्यात आधी कळायचं. कान तपासून डॉक्टरनं हाव म्हणलं होतं, म्हणून गेलो. आन त्या दिवशी संध्याकाळी ही बोलत बसली, बोलत बसली, मालवणचा सगळा किनारा पालथा घातला आमी. तवाच ठरवलं, हिला घेऊन जायचं. मधे माणूस नको."

"मग वळायचंच कशाला हवं?" मी विचारलं. "सरळ जावा."

"ती मागं राहिली तर मला हाक कशी मारणार?" ते म्हणाले. "सारखं वळून बगावं लागतंय. आन वळताना गाळ उठला तर म्या तिला दिसत न्हाई. मागल्या टायमाला ती घाबरली, ती पाण्याला न्हाई घाबरली. म्या दिसेना म्हणून घाबरली."

अक्का चहा घेऊन आली. माझ्या तोंडाकडे बघून तिला वाटलं चहात साखर कमी आहे. तिनं डबा आणला. मी आणखी एक चमचा साखर घेतली आणि वजनांचं पोतं तिथेच ठेवून घरी आलो.

मंगलला सगळं सांगितलं. ती काही वेळ भाजी निवडत राहिली. ती अक्कापेक्षा आठ वर्षांनी लहान आहे, तिला पोहायला अक्कानंच शिकवलं होतं, आईला न सांगता. "अक्काशी म्याबी वरडूनच बोलते," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरले. मग निवडलेली भाजी बाजूला सारून म्हणाली, "चला. म्याबी येते हिरीवर."

नामदेवरावांना आधी कळवून ठेवलं. त्यांनी बाज आणू का म्हणून विचारलं. मी नको म्हणालो.

होळी झाली होती. पाणी खाली गेलं होतं, जेमतेम दीड पुरुष राहिलं असेल, आणि मधले काही दिवस कोणी उतरलं नव्हतं, त्यामुळे निवळून काचेसारखं झालं होतं. भरदुपारी ऊन थेट विहिरीत पडतं तेव्हा तळाचा खडा न् खडा दिसतो. मी आणि मंगल पाण्यालगतच्या शेवटच्या पायरीवर बसलो. उद्धवराव वजनं बांधून उतरले. त्यांच्यामागून अक्का उतरली, सलवार-कमीज घालून, डोळ्यांवर पाण्यात घालायचा मोठा चष्मा. साठीची बाई पाण्यात शिरताना एक थेंब उडाला नाही.

दोघं दम भरून खाली गेले. उद्धवराव तळापासून हातभर वर आडवे झाले, गुडघे वाकवले, पंखे वर धरले. अक्का त्यांच्याभोवती पोहायला लागली. ती डावीकडे गेली, उद्धवरावांनी घोटा हलवला आणि तिच्याकडे वळले. ती मागे गेली, ते मागे वळले. ती मुद्दाम भिंतीच्या कडेकडेनं पूर्ण चक्कर मारून आली, आणि पूर्ण चक्करभर त्यांचं तोंड तिच्याकडे होतं. मी गाळाकडे बघत होतो. गाळ हलला नाही. मी बाहीनं डोळे पुसले. माणूस जागच्या जागी गोल फिरतोय हे बघून असं काही होईल, असं मला आधी कोणी सांगितलं असतं तर मी त्याला गरम विटेनं शेकायला सांगितलं असतं.

मग खाली उद्धवरावांनी एका कपारीकडे बोट केलं. हातानं काहीतरी लांबट आकार काढला, गाल आत ओढले, मान ताठ केली आणि नाकासमोर बोट हलवलं. अक्काच्या तोंडातून बुडबुड्यांचा लोट निघाला आणि ती फुटल्यासारखी वर आली. पायरीला धरून हसत होती, खोकत होती, पुन्हा हसत होती. उद्धवरावही वर आले, दम भरला आणि पुन्हा खाली गेले.

मंगलनं पुढे वाकून हातानंच विचारलं, काय झालं?

"तिथं मरळ मासा हाय," अक्का म्हणाली. तिला स्वतःचा आवाज कळत नाही, त्यामुळे सगळी विहीर घुमली. "ह्ये म्हणतेत, तुझ्या नायगावच्या आत्यावानी दिसती. लग्नात आहेर बगून असंच तोंड केलं होतं म्हणे तिनं!"

मंगल हसायला लागली. हसता हसता तिनं हात पुढे केला, "ये, बस जरा, दम लागलाय तुला." अक्कानं तिचे ओठ वाचले असावेत. तिनं मान हलवली, चष्मा नीट केला.

"थांब गं," ती म्हणाली. "ह्यांचं बोलणं अजून व्हायचंय." आणि तिनं दम भरला आणि खाली गेली.